साबणाच्या पाण्याची वाटी

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या बचाव पथकाचे प्रमुख माननीय साहेब. वरच्या कचेरीतून मुद्दाम वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे, आपले पूर्वीचे प्रमुख माननीय विश्वजीत रणदिवेसाहेब. तेहतीस वर्षं पथकाची यंत्रं सांभाळून आज सेवानिवृत्त होणारे सत्कारमूर्ती, आदरणीय रामकिसन मगरे. त्यांच्या शेजारी खुर्चीच्या काठावर संकोचून बसलेल्या आमच्या केसरबाई वहिनी. समोर बसलेले माझे सहकारी, आणि मागं दारात उभं राहून जेवणाकडे डोळा ठेवून असलेली मंडळी. सर्वांना माझा नमस्कार, आणि आमच्या मगरेदादांना त्यांच्या रिवाजाप्रमाणे जय भीम.

मी बन्सी औताडे, या पथकाचा बोटचालक. सूत्रसंचालन करणाऱ्या करुणाताईंनी माझ्या हातात एक चिठ्ठी दिली आहे. तीत लिहिलंय, ‘पाच मिनिटं. गोड आठवणी.’ ताई, पाच मिनिटांचं मी बघतो. गोडाचं मात्र काही खरं नाही.

माझ्याआधी तीन वक्ते बोलले. तिघांनीही दादांना यंत्रांचे डॉक्टर म्हटलं. जीपचं सांगितलं, पाणी उपसायच्या पंपाचं सांगितलं, जनरेटरचं सांगितलं. बोटीच्या मोटारीचं नाव कुणी काढलं नाही. कामून काढलं नाही, ते या सभागृहातल्या प्रत्येकाला माहीत आहे. घरात एखादं माणूस वाईट रीतीनं गेलेलं असलं की लग्नकार्यात त्याचं नाव काढत नाहीत, तसं ते आहे. मी तेच नाव काढायला उभा आहे. दादा आज घरी जाताना शाल नेतील, श्रीफळ नेतील, आणि त्यांच्याबरोबर एक ओझं नेतील जे त्यांचं नाही. ते मला इथं उतरवून घ्यायचं आहे. उतरेल असं मला वाटत नाही. तरी बोलतो.

नव्या मंडळींसाठी थोडं सांगतो. आपली मोटार पंचवीस हॉर्सपॉवरची, बोटीच्या मागच्या फळीला अडकवायची, आणि वयानं इथल्या निम्म्या जवानांहून मोठी. अशा मोटारीला जीपसारखा रेडिएटर नसतो. तिचा खालचा पाय पाण्यात बुडालेला असतो. त्या पायात एक रबरी चाक असतं, पाकळ्या-पाकळ्यांचं. इंग्रजीत त्याला इम्पेलर म्हणतात, दादा त्याला ‘फूल’ म्हणायचे. ते फूल फिरतं, नदीचं पाणी वर ओढतं, ते पाणी तापलेल्या इंजिनातून फिरतं आणि मागच्या एका बारीक भोकातून धारेनं बाहेर पडतं. लहान लेकरानं ओट्यावरून सोडावी तशी धार. आम्ही हसायचो. दादा म्हणायचे, “हसा लेकहो, पन धार बगत जा. बाकी समदं मला सांगू नका.”

सोळा वर्षांपूर्वी हर्सूल तलावावर ती पहिल्यांदा तापली. धार बंद, इंजिनाचा रंग करपल्याचा वास. आम्ही सगळे मोठमोठ्या रोगांची नावं घेऊ लागलो. कुणी म्हणालं हेड गेलं, कुणी म्हणालं पिस्टन गेला. दादांनी खिशातून सायकलच्या तारेचा तुकडा काढला, धारेच्या भोकात घातला आणि हलकेच फिरवला. आतून वाळलेली माती भुरुभुरु पडली. कुंभारमाशीनं घर केलं होतं. ते साल दुष्काळाचं, मोटार वर्षभर शेडमध्ये पडून होती. दादा म्हणाले, “कुटंच वलावा नाय म्हनल्यावर तिनं तरी कुटं जावं?” आणि ती माती त्यांनी भिंतीपाशी नेऊन टाकली.

त्यांची रीत ठरलेली होती. आधी बाहेरचं बघायचं, मग आतलं. सगळ्यात आधी धारेचं भोक. मग पाणी आत घेणारी खालची जाळी. तिच्यात जलपर्णी अडकते आणि आपल्या शहराच्या कृपेनं गुटख्याच्या पुड्याही अडकतात. मग थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी पुरेसं तापल्यावर उघडणारी छोटी झडप. ती दादा कँटीनच्या चहाच्या पातेल्यात टाकून, दोऱ्याला बांधून, उकळत्या पाण्यात उघडते का ते बघायचे. एकदा ते पातेलं तसंच राहिलं, त्याच पाण्याचा चहा झाला आणि आपल्या कृष्णानं त्यातला चहा दोन कप पिऊन ‘आज चहा कडक झालाय’ अशी तारीफ केली. कृष्णा, हसायला हरकत नाही. यापुढं हसण्यासारखं काही येणार नाही.

हे सगळं चांगलं निघालं, तरच मग पंप उघडायचा आणि फूल बघायचं.

आता कोडं असं होतं की दरवर्षी फूल खराब व्हायचं. पावसाळ्याआधी दादा नवं बसवायचे. तो भाग आता बाजारात सहजी मिळत नाही. रत्नागिरीच्या एका ओळखीच्या दुकानदाराला दहा फोन करून मागवावा लागतो. पिंपात मोटार उभी करून तपासायची, धार करंगळीएवढी. पावसाळाभर ठीक. दिवाळीनंतर बघावं तर धार सुतासारखी. दादांनी वही घातली होती. तारीख, किती मिनिटं चालली, धार कशी. वहीत दरवर्षी तेच: सप्टेंबरात बरी, नोव्हेंबरात बारीक. त्यांनी बोअरच्या पाण्याच्या क्षाराला दोष दिला, तलावाच्या गाळाला दिला, दुकानदाराला दिला. सगळं साफ केलं, सगळं बदललं. एकदा शेडमध्ये सगळ्यांना उभं करून विचारलं, “मी नसतानी हिला कुनी चालू करतं का रे? खरं सांगा, मी रागवनार नाय.”

आम्ही सगळे म्हणालो, “नाय दादा.”

आणि सभाजनहो, आम्ही खोटं बोललो नव्हतो. तेच तर आज सांगायचं आहे.

दादा वर्षभर सुट्टी घेत नसत. फक्त दसऱ्याला घेत. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला वहिनींना घेऊन नागपूरला, दीक्षाभूमीवर जायचं, हा त्यांचा नेम. निघायचे आदल्या दिवशी सकाळी, म्हणजे खंडेनवमीला. आणि खंडेनवमीला आपल्या शेडमध्ये काय असतं? यंत्रांची पूजा. दादांची ती पूजा नव्हे. पण आदल्या संध्याकाळी ते आमच्यासाठी सगळी हत्यारं पुसून, लहानमोठी लावून, ओळीनं मांडून ठेवायचे. मोटार धुऊन लखलखीत करून स्टँडवर उभी करायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, “तुमची श्रद्धा तुमची. घान मशिनीची पूजा करू नये, येवढंच.” आणि नागपूरहून परत येताना पिशवीभर संत्री आणायचे. संत्री हातात देता देता पहिला प्रश्न, “धार कशीय?”

दादा गेले की आम्ही मोटारीला हळदकुंकू लावायचो, झेंडूचा हार घालायचो, नारळ फोडायचो. आणि मग शुभ म्हणून तिला एकदा सुरू करायचो. शेडमध्ये, स्टँडवर, पाण्याविना. तिचा आवाज झाला की टाळ्या, की पेढे. दादांनी भिंतीवर स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी होती, ‘पाण्याशिवाय चालू करू नये.’ भिंतीलाही एक हार असायचा, आणि त्याचा खिळा त्या पाटीच्या वरच होता. त्या दिवशी हार पाटीवरच यायचा.

पाण्याविना ते फूल अर्ध्या मिनिटात तापायला लागतं. रबर कोरड्या लोखंडावर घासतं. हे दादांनी आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि आम्हाला पाठ होतं. पण आमच्या लेखी ते मोटार चालवणं नव्हतंच. ती पूजा होती. देवापुढं घंटा वाजवली तर कुणी घंटा वापरली म्हणतं का? म्हणून दादांनी विचारलं तेव्हा आम्ही छातीवर हात ठेवून ‘नाय’ म्हणालो. एक सज्जन माणूस वर्षानुवर्षं रोग शोधत राहिला, आणि रोग हार घालून त्याच्यासमोर उभा होता.

करुणाताईंची दुसरी चिठ्ठी आली. ताई, वाचली.

तीन वर्षांपूर्वीचं साल. त्या वर्षी फूल वेळेवर आलं नाही. पावसाळा जुन्यावरच काढला आणि नवं आलं ते ऐन सप्टेंबरच्या शेवटी. दादांनी ते बसवलं, मदतीला मी होतो. फूल बसवताना ते कोरडं बसवायचं नसतं. त्याला साबणाचं पाणी लावायचं, म्हणजे पहिल्या फेऱ्यांना ते घासत नाही, जोवर नदीचं पाणी पोचत नाही तोवर. बसवलं, पिंपात तपासलं, धार करंगळीएवढी. वहीत नोंद झाली. आठवडाभरात खंडेनवमी आली आणि दादा नागपूरला गेले.

त्या वर्षी पूजेला रणदिवेसाहेब स्वतः हजर होते. साहेबांनी पूजेचा व्हिडिओ घ्यायला सांगितला, पथकाची तयारी म्हणून वरच्या कचेरीत पाठवायला. मी दोरी ओढली, मोटार सुरू झाली. साहेब म्हणाले, “आवाज नीट आला नाही, परत.” मग नारळ मध्ये आला, परत. मग साहेबांना मोटारीशेजारी उभं राहायचं होतं, परत. सगळं मिळून पाचेक मिनिटं ती कोरडी चालली असेल. साहेब, आपण घड्याळ बघताय, लवकरच आटोपतो. आपल्यावर माझा आरोप नाही. आपल्याला त्यातलं कळत नव्हतं. मला कळत होतं, आणि दोरी माझ्या हातात होती.

दसऱ्यानंतर नवव्या दिवशी परतीच्या पावसानं गोदावरी फुगली. पैठणच्या खालच्या अंगाला एका वस्तीवर नदीकाठच्या पंपघराच्या छपरावर सारजाबाई नावाची बाई अडकली होती. साठीची. शेळी सोडवायला गेली आणि मागून पाण्यानं वाट अडवली. दुपारचे तीन वाजले होते. काठावरून तिचं हिरवं लुगडं स्वच्छ दिसत होतं. तिचा मुलगा माऊली काठावर उभा होता. त्याला चौघांनी धरून ठेवलं होतं. मी आणि कृष्णा बोटीत बसलो. दादा गुडघाभर पाण्यात उभे राहून ओरडले, “बन्सी, धार बग.”

मी मागं वळून बघितलं. धार होती. बारीक होती, पण होती. मी अंगठा वर केला.

निम्म्या वाटेवर करपल्याचा वास आला. धार बंद. इंजिनावर पाण्याचे थेंब पडले ते चर्र करून उडाले. मोटार तापली की बंद करायची, थंड होऊ द्यायची, वल्ही हातात घ्यायची, हे दादांचं शिकवणं. पण समोर ती बाई उभी राहून आमच्याकडे हात करत होती. मी दोन मिनिटं तशीच रेटली. पिस्टन आवळला आणि मोटार ठार बंद पडली. मग वल्ही. प्रवाहानं आम्हाला बाभळीच्या बनात नेऊन घातलं. तिथून सुटायला पाऊण तास गेला. बाहेर आलो तेव्हा छप्पर होतं, त्यावर कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दादांनी पंप उघडला. फुलाच्या दोन पाकळ्या नव्हत्याच. तुकडे वरच्या वाटेत जाऊन अडकले होते. उरलेल्या काळ्या, कडक, काठावर वितळलेल्या. दादांनी ते फूल तळहातावर धरलं आणि म्हणाले, “हे पान्याबिगर फिरलंय.”

त्या क्षणी मला सगळं कळलं. खंडेनवमी कळली, वहीतली वर्षं कळली. आणि दादांना काय कळलं? त्यांच्या डोक्यात आमचा संशय आलाच नाही. त्यांनी स्वतःचे हात तपासले. मला म्हणाले, “बन्सी, बसवतानी मी साबनाचं पानी लावलं हुतं का? नसंल लावलं तर कोरडंच फिरलं आसंल ते. तू हुतास न्हवं? आठव बरं.”

मी म्हणालो, “आठवत नाय दादा.”

पुढं चौकशी झाली. मला तीन प्रश्न विचारले. मोटार कोणाच्या ताब्यात असते? देखभाल कोण करतं? शेवटचं काम कोणी केलं? तिन्हींचं उत्तर मगरे. तिन्ही उत्तरं खरी. पूजेविषयी कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पूजेचं नाव कागदावर कोण आणणार? व्हिडिओत साहेब होते, पेढे वाटणारे आम्ही सगळे होतो. दादांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, “माझ्या हातून चूक झाली आसंल.” त्यांच्या सेवापुस्तकात ‘देखभालीत हलगर्जीपणा’ असा शेरा बसला. हेडमेकॅनिकची जागा गेली. तो शेरा आजही आहे. मघाशी मानपत्र वाचलं, त्यात तो नव्हता, इतकंच.

शेऱ्याचं त्यांनी मनावर घेतलं नाही. पण दरवर्षी त्या तारखेला ते मुकुंदवाडीच्या घरून निघतात, बस बदलत त्या वस्तीवर जातात आणि माऊलीच्या अंगणात जाऊन बसतात. पहिल्या वर्षी त्याला म्हणाले, “तुजी माय माज्या हातानं गेली.” माऊलीनं त्यांना हाकललं नाही आणि माफही केलं नाही. फक्त विचारलं, “बोट निघाली तव्हा तिला वाटलं आसंल ना, की आता येतेत म्हनून?” तेव्हापासून दोघं नुसते बसतात. हे मला वहिनींनी सांगितलं, आणि असंही सांगितलं की घरी ते जळकं फूल एका डबीत आहे आणि जेवण झाल्यावर दादा ते हातात घेऊन बसतात. वहिनी, तुम्ही हे मला सांगितलंत तेव्हा तुमच्या हातचा चहा माझ्या हातात होता. तेव्हाही मी बोललो नाही.

पुढच्या खंडेनवमीला मी दोरीला हात लावला नाही. कामून, असं कुणी विचारलं नाही. मोटार मेलेलीच होती, तरी हार घातला, आणि शुभ म्हणून जीपचा हॉर्न वाजवला.

आता पुढं काय? सांगण्यासारखं काही नाही. मोटार भंगारात काढायच्या यादीत आहे. नवीन मागवलेली आहे, ती मागवलेलीच आहे. दादांची जागा उद्यापासून रिकामी आणि ती भरणार नाही असं कळतं. पुढच्या पुराला आमच्याकडे दोन वल्ही असतील आणि मी असेन. मी आज बोललो म्हणून सारजाबाई छपरावर परत यायची नाही. शेरा पुसायला अर्ज करीन म्हणतो, जबाब बदलतो म्हणतो. पण चौकशी बंद झालेली फाईल कोण उघडतं? अध्यक्षसाहेब, तरी उद्या सकाळी मी तुमच्या टेबलापुढं उभा असेन. आणि दादांचं मन हलकं होईल का? तीन वर्षं जो माणूस स्वतःला दोषी धरून जगला त्याचं मन एका भाषणानं हलकं होत नसतं. शिवाय आता त्यांना हेही कळलं की ज्यांच्यासाठी त्यांनी संत्री आणली, त्यांनीच हे केलं. कदाचित मी ओझं उतरवलं नसेल, वाढवलं असेल.

असो. समारंभाला आलेल्या सर्वांचे, अध्यक्षांचे, प्रमुख पाहुण्यांचे, सभागृह देणाऱ्यांचे आणि स्वयंपाक करणाऱ्या मावशींचे मी पथकाच्या वतीनं आभार मानतो. करुणाताई, तुमची वेळ मी खाल्ली आणि गोड काहीच दिलं नाही, त्याबद्दल वाईट वाटतं. बोलताना माझ्याकडून काही उणंअधिक गेलं असेल तर आपण मोठ्या मनानं पदरात घ्या. न बोलण्यात जे झालं ते पदरात घ्या असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

दादा, तुम्ही खाली बघताय. बघू नका वर, चालेल, फक्त ऐका. तुम्ही मला तीन वर्षांपूर्वी एक गोष्ट विचारली होती. तिचं उत्तर देतो आणि खाली बसतो.

लावलं हुतं, दादा. दोन्ही अंगानं, बोटानं, पाकळी न् पाकळी. वाटी माझ्या हातात होती.